एका कानावर आलेलं टप

टपाचं बटण दाबताना जावयाच्या मनात सासऱ्यांविषयी निव्वळ माया होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सासऱ्यांची जुनी दोन सीटांची गाडी बुटकी, आणि सासरे नुकतेच आजारातून उठलेले. चढता-उतरताना पायाखाली काहीतरी हवं म्हणून त्याने घडीचं स्टूल आणलं आणि दिसायला बरं दिसावं म्हणून ते सीटांमागच्या खोबणीत सारून दिलं. गाडीचं कापडी टप घडी होऊन नेमकं त्याच खोबणीत बसतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. बटण दाबल्यावर टप उठलं, मागे गेलं आणि कर्रर्र करून अडलं. जुन्या गाडीला जरा धीर द्यावा लागतो, अशा समजुतीने त्याने बटण आणखी जोर लावून धरून ठेवलं. मग ‘टण्’ असा आवाज आला आणि झोपेतून उठलेल्या माणसाची टोपी यावी तसं टप एका कानावर आलं.

त्याने घाईघाईने स्टूल काढलं. टप पुढे आणलं तर डावी बाजू काचेच्या चौकटीवर आपल्या खाचेत जाऊन बसली, उजवी मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखी दोन बोटं अलीकडेच थांबली. मागे नेलं तर उजवी बाजू अर्ध्यावरच अडली. ना धड उघडं, ना धड बंद.

“काय झालं हो?” वरून बायकोने विचारलं.

“काही नाही. बघतोय.”

“बघताय म्हणजे मोडलंय!”

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण इस्पितळातून आल्यापासून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टर सांगून थकले, मुली विनवून थकल्या. शेवटी कालच ते आपणहून म्हणाले होते, “उद्या संध्याकाळी बाहेर पडू. पण माझ्या गाडीतून, आणि टप उघडं ठेवून. खोक्यात बसून फिरायची हौस नाही मला.” सगळ्या घराचा जीव त्या एका बोलण्यावर टांगलेला होता. आजचा बेत फिसकटला तर बाबा ‘बघू पुढे’ म्हणणार, आणि त्यांचं ‘पुढे’ कधी येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

जावयाने निमूटपणे ताईंना फोन लावला. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, त्याची आकडसासू. हे नातं मुळातच वचक बसवणारं, त्यात ताईंचा धंदा गाड्यांची टपं आणि सीटा शिवण्याचा. सायकलच्या दुकानाला लागून त्यांचा कारखाना. आत फोमच्या गुंडाळ्या, चामड्याचे तुकडे आणि शिवणयंत्र असं दणकट, की ते चाललं की शेजारच्याच्या कपातला चहा थरथरतो. कानामागे खडू आणि कॉलरला टोचलेली सुई घेऊन ताई दिवसभर वावरतात. लग्नाकार्यातही त्यांचा हात नकळत कानामागे जातो. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना जमत नाही. तरी गिऱ्हाइकं येतात, कारण त्यांची शिवण उसवत नाही.

स्कूटर लावता लावता त्यांनी विचारलं, “बटण कुणी दाबलं?”

“मी.”

“मग बसा परत तिथेच. ज्याने मोडलं त्यानेच बटण दाबायचं, असा नियम आहे माझ्याकडे. माणूस मग हळू दाबतो.”

टप हलवणाऱ्या पंपातलं तेल त्यांनी आधी बघून घेतलं. ते पुरेसं होतं. मग अडलेलं टप हाताने रेटून खोबणीत बसवलं, पिशवीतून कच्च्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि टपाच्या डाव्या दांडीपासून उजव्या दांडीपर्यंत एक दोरा ताणून बांधला. दोन्ही बाजू बरोबरीने चालल्या तर दोरा शाबूत राहणार, एक जरी पुढे पळाली तरी तुटणार. ही युक्ती कुणी शिकवलेली नाही, शिवता शिवता त्यांची त्यांनाच सुचलेली.

“हं. हळू.”

टप खोबणीतून जेमतेम उचललं गेलं आणि दोरा तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तिथेच तुटला. ताईंनी उजव्या बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“कापड आटलंय. शिवण ओढतेय. माझीच शिवण आहे ही.”

त्यांनी उसवायची सुरी काढली. उसवायचं म्हणजे संध्याकाळ गेलीच. जावई चष्म्याच्या दुकानाचा मालक. आयुष्यभर त्याने लोकांच्या नाकावरचे वाकडे चष्मे सरळ केले होते, आणि आता तेच त्याच्या तोंडी आलं.

“ताई, एक बोलू?”

“आज बरंच करून ठेवलंयत. तरी बोला.”

“चष्मा तिरका बसला की गिऱ्हाईक काडीचं टोक वाकवत बसतं. आम्ही आधी बिजागरी बघतो. दोरा सुरुवातीलाच तुटतोय ना?”

ताईंनी सुरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “डोकं आहे हो तुम्हाला! स्टूल ठेवताना कुठे गेलं होतं?”

टप ढकलणारे दोन्ही बाजूंचे दांडे त्यांनी सोडवले आणि दोघांनी मिळून ते हाताने वर उचललं. ते कसं, तर एखाद्या शहाण्या पोरासारखं सरळ चाललं. म्हणजे सांगाडा बरा होता आणि कापडही बरं होतं. बॅटरी घेऊन ताई खोबणीत जवळजवळ उलट्या झाल्या आणि आतून ओरडल्या, “सापडलं! दांड्याच्या बुडाची पट्टी वाकलीय. माझी शिवण निर्दोष आहे!”

“होतीच ती,” वरून आवाज आला. बाबा केव्हापासून खिडकीत बसून सगळं पाहत होते. “तुझं पहिलं टप मात्र गळायचं.”

ताई खोबणीतून बाहेर आल्या. कॉलेज सोडून शिवायला बसल्यावर त्यांनी पहिलंवहिलं टप याच गाडीला शिवलं होतं. “गळायचं? तुम्ही तर रोज म्हणायचात, थेंब आला नाही!”

“मांडीवर टॉवेल घ्यायचो आणि ऑफिसात खुर्चीवर वाळत घालायचो. तू संध्याकाळी दारात उभी राहून विचारायचीस. काय सांगणार होतो?”

ताईंचा हात नकळत कानामागे गेला. मग पट्टी सोडवून पकडीत घट्ट धरून त्यांनी हातोडीचे नेमके ठोके घातले, परत बसवली, बोल्ट आवळले आणि दोरा बांधला. जावयाने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. टप उठलं, डोक्यावरून पुढे आलं आणि दोन्ही बाजू एकदम आपापल्या खाचेत बसल्या. दोरा तसाच ताठ. मग ते मागे गेलं आणि खोबणीत मुकाट घडी होऊन बसलं.

बाबा जिना उतरून आले. दारात क्षणभर थांबले, धाकटीचा हात धरला आणि बाहेर पडले. गाडीत बसून मान मागे टाकून त्यांनी आभाळाकडे पाहिलं. “ताई चालवेल,” ते म्हणाले. सीटा दोनच, तेव्हा प्रश्नच मिटला.

जावयाला त्याचं काही वाटलं नाही. त्याचा ऊर भरून आला होता. स्टूल, मोडलेलं टप, सासऱ्यांचा तो ओला टॉवेल, सगळंच त्याला बोलून टाकायचं होतं. तो गाडीच्या मागे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, आज तुम्ही नसतात तर मी या घरात तोंड दाखवू शकलो नसतो. तुमचे उपकार मी कसे फेडू, हेच मला...”

आरशात बघून ताई म्हणाल्या, “बाजूला व्हा, गाडी मागे घ्यायचीय.”