चौकटीची माफी

डोमाजी मिस्त्री कोणाच्याही घरी गेला तरी आधी माणसांकडे पाहत नसे. दारात थांबायचा, मान खाली घालायचा आणि चौकटीचे पाय न्याहाळायचा. एकदा आमच्या अड्याळात तो एकाला भेटायला गेला. बिचाऱ्याची बायको नुकतीच वारली होती. डोमाजीचं पहिलं वाक्य होतं, "डाव्या पायाले वाळवी लागून राहिली जी." त्या माणसाने दचकून आधी स्वतःचा पाय पाहिला.

मी बारदान्याचा माणूस. धानाची रिकामी पोती सायकलवर लादून गावोगाव विकत वर आलो. सांगितलेल्या भावात मी आजवर काहीही घेतलेलं नाही; लग्नाची तारीखसुद्धा मी भटजीकडून दोन दिवस अलीकडे ओढून घेतली होती. घर बांधून झालं तेव्हा माझा साडू नागपूरहून आला, माझ्या नव्या फरशीवर बुटाचं टोक वाजवून म्हणाला, "आता लाकडी फ्लोअरिंग चालतं, दाजी." लाकडी म्हणजे दाबलेल्या भुशावर लाकडाचा फोटो, हे मला ठाऊक होतं. पण साडूकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे मला सोसवेना. त्यातून माझ्या प्राचीची सोयरीक आसगावला ठरत आली होती. पोरापोरीची पसंती झाली होती, फक्त पोराची आई घर पाहायला यायची होती.

म्हणून वरठीहून डोमाजीला बोलावलं. मोटारसायकलवर आला. आरी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, जणू तान्हं मूल. आतल्या खोल्यांच्या चौकटी त्याने अशा कापल्या की पाहत राहावं. चौकटीच्या पायाशी फ्लोअरिंगच्या पट्टीचा एक तुकडा खाली फोम घालून ठेवायचा, त्यावर आरी आडवी टेकवायची आणि पायाचा तेवढाच काप काढायचा. मग पट्टी त्याखाली अलगद सरकते. लाकूड जमिनीतूनच उगवलंय असं वाटतं. कौतुक मी तोंडावर केलं नाही. केलं असतं तर मजुरी वाढली असती.

भिंतीकडेने मात्र तो बोटभर जागा रिकामी सोडत होता.

"ही काहून सोडून राहिला?"

"हवेले जी. पावसाळ्यात पट्टी फुगते. तिले अंग टाकाले जागा लागते."

"बोटभर कायले? अर्धं बोट सोड."

"शेठ, हा भाव नाही, फट आहे!"

तरी मी हटलो नाही. पण तोही हटला नाही, आणि फट झाकायला वरून स्कर्टिंगची पट्टी येणार म्हणून मी सोडून दिलं. खरी जुंपली ती पुढच्या दारावर. ती सागवानी चौकट उभी केली तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, तिला हळदकुंकू वाहिलं होतं, पिवळ्या फडक्याची पुरचुंडी बांधली होती. डोमाजीने ते फडकं पाहिलं आणि आरी गुंडाळून ठेवली.

"पुजेल चौकट आहे. तिच्या पायाले मी आरी लावत नाही."

"मग पट्टी चौकटीभोवती काप."

"कापतो. पण फट दिसन."

"फट दिसली तर पोराची आई काय म्हणेल?"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी सौदा पटला. त्याने चौकट कापायची नाही, मी फट ठेवू द्यायची नाही. उंबरठ्याला आणि चौकटीच्या दोन्ही पायांना त्याने पट्टी अशी भिडवली की केस जाणार नाही. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "असं काम भंडारा जिल्ह्यात दुसरा करून दाखवन त मी आरी सोडतो!" माझं आजही म्हणणं आहे की जाणकार तो होता, त्याने मला नाही म्हणायला हवं होतं.

श्रावणात आसगावची मंडळी आली. चार दिवसांची झड लागली होती. बाहेर गाडीचं दार वाजलं, मी कडी काढली, पण दार हलेना. आत पट्ट्या फुगून उंटाच्या पाठीसारख्या वर आल्या होत्या. मी आतून ओढतोय, होणारे व्याही पावसात भिजत बाहेरून ढकलताहेत.

"जोर लावा जी!"

"लावूनच राहिलो! तुमी काय धरून बसले काय?"

अखेर त्यांना मागच्या दाराने आणावं लागलं. बारदान्याच्या ढिगामधून, न्हाणीवरून, थेट स्वयंपाकघरात. पोराची आई ओल्या लुगड्याने चुलीपाशी पाटावर बसली. प्राचीने तिला टॉवेल दिला आणि माझं दार ओढतानाचं तोंड करून दाखवलं. ती बाई इतकी हसली की चहा सांडला. सोयरीक तिथेच पक्की झाली. माझं फ्लोअरिंग तिने पाहिलंही नाही.

आणि डोमाजी? वरठीच्या टपरीवर सांगत सुटला, "शेठच्या पोरीचं लग्न म्या जमवलं. पुढचं दार म्याच बंद केलं!"

लग्नाआधी मी त्याला पकडून आणलं. पोरीची पाठवणी काय न्हाणीवरून करायची? पट्ट्या उपटून तो चौकटीपुढे बसला. सुमनकडून हळदकुंकू मागून घेतलं, चौकटीच्या दोन्ही पायांना लावलं, हात जोडले. "माय, माह्याकून चूक झाली. आता दुखन थोडंसं. पोरगी जाऊन राहिली, वाट दे." मग आरी लावली आणि आत फुगायला जागा सोडून पट्टी कापाखाली सरकवली. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. माफी मागितली ती लाकडाची!

प्राची त्याच दारातून गेली. पट्टी आजतागायत जागची हललेली नाही.

आता डोमाजी पोराकडे पुण्याला राहतो. आरी सुटली. श्रावणात झड लागली की न चुकता फोन करतो.

"शेठ, चौकट बरी आहे न?"

"बरी आहे. मलाही विचार कधी."

"तुमाले काय होते जी! कापलं तिले."

दरवेळी वाटतं, चांगलं खडसावावं. पण पुढचं दार उघडं असतं, हसवणारी प्राची घरात नसते, आणि मी म्हणतो, "हो रे बाबा, तिलेच."