गोट्यांना पाजलेलं पाणी

समजा, नदीचं पाणी वाटायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. फावडं घेऊन तुम्ही पाटाच्या तोंडाशी उभे आहात. वरच्या शेताची पाळी संपली, मातीचं दारं मोडून तुम्ही पाणी खालच्या चारीत सोडलं. पण निम्मं पाणी वाटेतच जिरतं, आणि टोकाचा शेतकरी तुमच्या नावाने बोटं मोडतो. तुम्ही काय कराल? पाट पक्का बांधून घ्याल ना?

तुर्दीखोननेही तेच केलं.

सोख नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या तोशबुलोक गावात नवऱ्याच्या माघारी पाटकऱ्याचं, म्हणजे मिराबाचं, काम तिच्याकडे आलं. गाव तिला 'मिराब-आपा' म्हणू लागलं. वसंताच्या तोंडावर पाट उपसायला सगळं गाव हशारला जमतं. कुणी मजुरी मागत नाही, कढईतला पुलाव मात्र सगळे पोटभर खातात. त्या वर्षी तिने लोकांच्या मागे लागून नुसता गाळ काढला नाही, तर पाटाला सिमेंटही लावून घेतलं. टोकाच्या खोलमत-अकाच्या कापसाला पहिल्यांदा वेळेवर पाणी पोचलं.

"आपा, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"साखर नको, पुढच्या हशारला उशिरा येऊ नका म्हणजे झालं."

पुढच्या वसंतात डोंगरावरचा बर्फ अजून वितळायचा होता. नदी बारीक वाहत होती. मलोहत, तुर्दीखोनची लहानपणापासूनची मैत्रीण, दारात येऊन उभी राहिली. तिची जर्दाळूची बाग पाटाच्या खालच्या अंगाला होती. बागेला पाटाची पाळी नव्हतीच, सगळी भिस्त विहिरीवर.

"तुर्दी, विहीर आटली गं. पंप नुसती हवा ओढतोय."

तुर्दीखोन विहिरीत वाकून बघत राहिली. पाटाकडच्या बाजूला दगडांतून कायम झरे पाझरायचे, तिथे शेवाळ असायचं. आता ते वाळून काळं पडलं होतं. तिच्या लक्षात आलं: जे पाणी वाया जातंय म्हणून तिने गाव गोळा केलं होतं, तेच इतकी वर्षं या विहिरीत येत होतं.

"मलोहत, हे मी केलंय."

"तू कशाला करशील? मुकाट्याने चहा पी."

त्या वर्षी बहर गळला. मलोहतच्या नवऱ्याने लावलेली दोन झाडं पार वाळून गेली. तिने ती तोडली नाहीत. त्यांच्यावर कपडे वाळत घालू लागली. तुर्दीखोन ते रोज बघायची.

सिमेंट फोडावं, तर खोलमत-अकाचा कापूस जळणार. मग हिवाळ्यात, नदीचं पाणी कुणालाच नको असतं तेव्हा, तिने ते बागेच्या वरच्या जुन्या कोरड्या पात्रात वळवलं. तिथे नुसते गोटे. पाणी पळून न जाता जमिनीत मुरावं म्हणून तिने दगडांचे बुटके बांध घातले.

"थंडीत गोट्यांना पाणी पाजताय?" खोलमत-अका खो खो हसला. "पालवी फुटणार की काय त्यांना?"

"फुटली तर पहिला जर्दाळू तुम्हाला."

दिवसभर बांध सारखे करून तिची बोटं बधिर व्हायची. मलोहत शालीखाली गरम नान घेऊन यायची. आधी तिच्या हातात द्यायची नाही, तिचे हातच नानवर दाबून धरायची.

वसंत आला. मलोहतने विहिरीत बादली सोडली आणि पाण्याचा आवाज ऐकून तिथेच बसकण मारली. या वेळी बहर टिकला. बोराएवढी हिरवी फळं धरली.

त्याच आठवड्यात बागेच्या खाली घर असलेला खोलमत-अका तणतणत आला. "आपा, माझ्या तळघरात पाणी उतरलंय! गाजरं पोहतायत!"

मलोहतला हसू आवरेना. तुर्दीखोनलाही आलं, पण ती लगेच त्याच्यामागे निघाली. दोघांनी मिळून सगळी गाजरं वर काढली. मग तिने तळघरातल्या ओल्या भिंतीवर हात ठेवला.

"अका, हे तेच पाणी असेल?"

"नाहीतर कुठलं? तुमच्या गोट्यांनीच पाठवलंय!"

परतताना ती विहिरीवर थांबली. मलोहतने तिला चहा दिला.

"मलोहत, त्या गोट्यांना नेमकं किती पाजू गं, म्हणजे तुझी विहीर भरेल आणि अकांचं तळघर कोरडं राहील?"