माह्या आवाजात गेलेला फोन

भूतंखेतं मी मानत नाई. चौथी शिकलेला माणूस, चाळीस वर्षं लोणारात किराणा दुकान चालवलं, पण गल्ल्यावर बसून कोणाच्या बापाकडून फसलो नाई. हसाचं तं हसा, जे झालं ते लिहून राह्यलो.

त्या दिवशी दुकान उघडलं अन् एक अनोळखी माणूस आला. पांढरा शर्ट, मऊ आवाज. नारळ घेतला, नोट देली. दिवसाची पयली विक्री, भवानी... म्हणून सवयीनं नोट कपाळाले लावली, डोये मिटले. उघडले तं माणूस नाई, अन् ऊन पायरीवर. म्हंजे दुपार! गल्ला पाह्यला — जसाच्या तसा.

तेवढ्यात पोरगा दिगंबर मोटरसायकलवर आला. मेहकरचं आमचं दुसरं दुकान तो पाहते.

"बाबा, भेटला ना तुमचा माणूस? पैसे देल्ले त्याले."

"कोणता माणूस बे?"

"सकाळी तुमीच तं फोन केला! म्हणले, दिगू, माणूस पाठवतो, गल्ल्यातलं सगळं देऊन दे, काही विचारू नोको."

"माहा फोन घरी चार्जिंगले आहे, लेका!"

"नंबर तुमचाच आहे. अन् दिगू कोण म्हणते मले तुमच्याशिवाय?"

घरी गेलो. फोन कोनाड्यात. बायको सकाळपासून तिथंच गहू निवडत बसलेली. म्हणे, "वाजला नाई, कोणी हात लावला नाई."

मंग दुकानातला कॅमेरा पाह्यला. त्यात आवाज येत नाई. नोट दोन्ही हातांनी कपाळाले, डोये मिटलेले, अन् मी बोलून राह्यलो! समोरचा नुस्ता ऐकते, मान हालवते. दिगंबरच्या मोबाइलात फोन आपोआप रेकॉर्ड होते. त्यानं ते कॅमेऱ्यासंगं लावलं... शब्दाले शब्द, ओठ जुळले. 'विचारू नोको' म्हणून कॅमेऱ्यातला मी हसलो, तसा दिगंबर उठून बाहेर गेला.

पोलीस म्हणाले, टोळी आहे, काहीतरी हुंगवतात, आवाजाची नक्कल करतात. असन. मंग ओठ कसे जुळले? साहेबानं तक्रार लिहून घेतली अन् सही करा म्हणले.

पैशाचं सोडा. माह्या शब्दावर पोरानं कधी उलटून विचारलं नव्हतं. आता फोन केला की आधी म्हणते, "बाबा, तुमीच बोलून राह्यले ना?"

मी खेकसून "हाव" म्हणतो. पण खरं सांगू... त्या 'हाव'च्या आधी मलेच थांबा लागते.