एका गीताला एक दट्टा

शिरूरच्या मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर सत्यवान साळवे रविवारी फटफटीला किक मारत, तेव्हा गल्लीतल्या कोंबड्या आधीच वाट सोडत. ती विलायती फटफटी एका गोऱ्या डॉक्टरनं जाताना दिलेली. गिअर पायात नव्हे, टाकीच्या उजव्या अंगाला. उभा दांडा हातानं ओढायचा. क्लच मात्र पायाशी. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, यालाही हँडलवर डावीकडे निराळी खिटी. ती चुकली की किक उलटी बसे आणि पिंढरी सुजे.

तेलाची तर तऱ्हाच न्यारी. इंजिनात गेलेलं तेल जळून जाई, म्हणून टाकीच्या डाव्या अंगाचा दट्टा दाबून अधूनमधून ताजं तेल सोडावं लागे. कधी? सत्यवानरावांचा ठोकताळा असा, की एक गीत संपलं की एक दट्टा. मागं बसलेल्या त्यांच्या पत्नी प्रेमाबाई सुरात सूर मिसळत. असे गात गात दोघं कवठे येमाईला पोचत. तिथल्या चार ख्रिस्ती घरांची उपासना कित्येक वर्षं सत्यवानरावच चालवीत.

१९९४ साली त्यांना झटका आला. पाय वाचले; डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली.

"आता दुसरं कुणी प्रार्थना चालवील. तुम्ही घरी बसा," मुलगा म्हणाला.

सत्यवानराव दोन दिवस जेवले नाहीत धड. शेवटी प्रेमाबाईच म्हणाल्या, "दट्टा आन् खिटी मी बघते. तुम्ही गाडी सांभाळा."

रविवारी निघाले. सत्यवानरावांनी सवयीनं गीत धरलं. मलठणच्या अलीकडे चढावर इंजिन कण्हलं आणि जागीच आवळलं.

मेंढरं घेऊन चाललेला म्हाळू थबकला. "कंपाउंडर, गाडी चरायला सोडली व्हय?"

"तुझी मेंढरं आवर आधी, टायर खातील!" प्रेमाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "मी तुमचं गीत संपायची वाट बघत होते. मधेच कसा दट्टा दाबू?"

सत्यवानराव तापलेल्या इंजिनाशी वाकले. "पयलं... एवढा वेळ... लागत नव्हता."

"न्हाई ना. आता मोठ्यानं मी गाते. तुम्ही मनात म्हणा."

ते त्यांना लागलं. पण इंजिन निवल्यावर त्यांनी किक मारली. प्रेमाबाईंनी ठसक्यात गीत म्हटलं, संपताच दट्टा दाबला, लगेच पुढचं घेतलं. फटफटी कवठ्यापर्यंत पुन्हा कुरकुरली नाही.

लोक लिंबाखाली खोळंबले होते. सत्यवानराव प्रार्थनेला उभे राहिले. एकेक शब्द शोधून, थांबत थांबत बोलले. कुणी चुळबुळ केली नाही. प्रेमाबाई मात्र पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

उठताना म्हाताऱ्या विठाबाई सत्यवानरावांजवळ आल्या. "कंपाउंडर, आजवर लई भरभर बोलायचा बघा. आज समदं उमगलं. फुडच्या रविवारी बी असंच बोला."