पिवळी रेघ

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, लेकीले नाही, अन् ज्याले सांगाले पाहिजे होतं त्याले तं नाहीच नाही. मंग तुम्हालेच काहून सांगून राह्यलो? — तुम्ही मले ओळखत नाही म्हणून असंल. बसा जराकसे.

मी जीपवाला. दारव्हा ते यवतमाळ, यवतमाळ ते दारव्हा — वीस वर्षं झाली, सवाऱ्या कोंबून तोच एक रस्ता. त्याचा एकेक गड्डा मले पाठ हाय. अन् धम्मा मिस्त्री माह्या लहानपणचा दोस्त. धम्मपाल पूर्ण नाव. स्टँडच्या मागं त्याचं गॅरेज. सकाळी बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावल्याबिगर पान्याले हात लावत नाही असा माणूस.

त्याची एक सवय सांगतो, ध्यानात ठेवा. कोणताबी नट कसला की तो आगपेटीच्या काडीनं त्याच्यावर पिवळ्या पेंटची बारीक रेघ मारते — अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट जरासा फिरला तरी रेघ तुटली दिसते. अन् कसल्याशिवाय रेघ मारत नाही, हा त्याचा नेम. स्टँडवरचे पोट्टे हासत, "काय मिस्त्री, नवरीले हळद लावून राह्यले का?" तो म्हणे, "लावतो ना बे, नांदाले पाठवतो तिले."

तं तीन वर्षांखाली त्यानं मोबाईलवर काहीतरी पाह्यलं अन् पेटलाच. तिकडं दक्षिणेत कुठीतरी मोटारींची शर्यत असते म्हणे. बारा तास. डायवर बदलतात, गाडी तीच. अन् पाहणारे लोक तिथंच ट्रॅकच्या बाजूले तंबू ठोकून राह्यतात. मले वाटलं याले डायवर पाहाचे असतील. नाही! "विन्या, मले तिथचे मिस्त्री पाहाचे हायेत गा. ज्याची गाडी बारा तास बंद पडत नाही, त्याचे हात पाहू दे एकडाव."

महिनाभर तयारी चालली. तंबू कुठून आणाचा? त्याच्या बायकोनं, शीलावहिनीनं, कापसावर झाकाची ताडपत्री दाभण-सुतळीनं शिवली. धम्मानं तिले बांबू लावले, वावरात उभी करून पाह्यली, अन् आतमधी बसून "या पाव्हणे, या" म्हणून आम्हाले बोलावलं. स्टोव्ह घेतला, ज्वारीचं पीठ घेतलं, डबाभर ठेचा. अन् कापूस! मोटारींचा आवाज लय असते म्हणून यानं वावरातून कापूस आणला, सरकी काढली, कानात घालाचे बोळे वळले अन् पेढ्याच्या डब्यात भरले. चाळीस बोळे. म्हटलं, "अबे, कान किती हायेत आपल्याले?" म्हणे, "तिथं कोणी बिना कापसाचं आलं तं? आपण यवतमाळचे लोक, कापूस नाही म्हणाव काय?"

असा माणूस. अन् मी?

मले तं जाचंच नव्हतं. काहून — तं ऐका. जवानीत टपरीवर बसून मी एक फेक मारली होती, थापच. म्हटलं, हैदराबादले गाडी नेली, एका दमात. कोण विचारते? सगळ्यांनी मानलं. धम्मानं तं डोळे झाकून मानलं. शर्यतीचा रस्ता हैदराबादवरूनच जाते, तं आता तो वही घेऊन बसला. "रस्ता तुले माहीत हाय. चहा कुठी चांगला?" मी सांगतलं, आदिलाबादच्या पुढं डाव्या हाताले सरदाराचं हॉटेल हाय. त्यानं लिवलं. सरदार, हॉटेल, डावा हात — सगळं माह्या मनचं! पांढरकवड्याच्या पुढं मी कधी गाडीच नेली नव्हती. तो मोठा रोड, ते ट्रक, ते पूल... इतक्या वर्षांचा डायवर, अन् त्या रोडले भेत होतो. त्याले सांगाले काय झालं होतं? हासला असता. दिवसभर हासला असता. बस, तेवढंच.

निघाच्या आदल्या दिवशी भर दुपारी धम्मा जेवाले घरी गेलता. जीप गॅरेजमधी, तयार. मी पाना घेतला — अन् खाली शिरलो. इंजिनाच्या बुडाशी ऑइलचा नट असते. तो ढिला केला. वाटलं, रातभर ऑइल गळंल, सकाळी धम्मा पाहील, निघणं राहून जाईल.

पण उभ्या गाडीतून थेंबबी गळला नाही. सकाळी पोट्ट्यांनी हॉर्न वाजवले, वहिनीनं हात हालवला, अन् आम्ही निघालो. हादऱ्यानं नट आणखी ढिला झाला असंल, पंधराक किलोमीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला. धम्मा मागं वळून तंबूची सुतळी पाहत होता. मी दिवा पाह्यला. आता थांबलो तं ऑइल टाकून पुढं जाव लागंल... मी थांबलो नाही. इंजिन जाम झालं तवाच थांबलो.

धम्मा खाली शिरला. लय वेळ निघालाच नाही. मंग हात पुसत बाहेर आला अन् म्हणे, "माहीच चूक गा विन्या. नट कसाचा राह्यला."

अन् मी म्हटलं, "जाऊ दे, होते असं."

मी त्याले माफ केलं. समजते का तुम्हाले? मी — त्याले!

ट्रॅक्टरनं गाडी ओढत दारव्ह्याले आणली. स्टँडवर बोंब झाली. बारा तासांची शर्यत पाहाले निघाला अन् नट विसरला. दोन-तीन जीपवाले दुसऱ्या गॅरेजले जाऊ लागले, ते आजबी तिकडंच जातात. मी तिथंच उभा राहून चहा पेत होतो. धम्मानं दोन महिने, रोज आपलं काम आटपल्यावर, माहं इंजिन पुन्हा उभं केलं.

मागच्या महिन्यात तो भाचीच्या लग्नाले घाटंजीले गेलता. एरवी ऑइल तोच बदलवते, या खेपेले मी स्वतःच जीपखाली शिरलो. सगळं इंजिन त्यानं डिझेलनं धुतलेलं, चकाचक. एक जागा सोडून. ऑइलच्या नटावर नवी रेघ होती, सलग, पण या एकाच नटाले लाल पेंटची. अन् तिच्या बाजूले जुनी पिवळी — अर्धी नटावर, अर्धी लोखंडावर, मधातून सरकलेली.

विसरलेल्या नटावर पिवळी रेघ येईल कुठून?

मी तिथंच पडून राह्यलो. त्या दिवशी रोडवर जीपखाली तो काय पाहत होता, ते मले तवा समजलं. हैदराबादचं नावबी त्यानं त्या दिवसापासून कधी काढलं नाही.

लग्नाहून आला तो बुंदीचे लाडू घेऊन. म्हणे, "ऑइल बदलवलं?" म्हटलं, हाव. "नट पाह्यला?" म्हटलं, हाव. त्यानं दोन चहा सांगतले. आम्ही पेलो. कापसाच्या बोळ्यांचा डबा फळीवर तसाच होता.

धम्मानं नट कसला होता. मी उघडला.