मायने जोडलेले हात

भिलाईत कॅम्प-१ या मजूरवस्तीच्या टॉकीजमध्ये बायका एका बाजूला बसत, पुरुष दुसऱ्या. मध्ये कमरेएवढी फळ्यांची आडभिंत. पोलादाचा प्लांट अजून उभा होत होता. सकाळची पाळी करून, डोक्यातली लाल धूळ कशीबशी धुऊन मी मायला तीनच्या खेळाला नेलं होतं. त्यात होती त्या काळची सगळ्यात मोठी नटी. माय तिला फक्त पोस्टरवर पाहून ओळखायची, आणि पंधरा दिवस माझ्या मागे लागली होती.

सिनेमा देवाधर्माचा आहे हे मला ठाऊक होतं. नागपूरला दीक्षा घेऊन आम्हाला तीन-चार वर्षं झाली होती. घरातले देव मी माझ्या हातांनी नाल्यात सोडले होते. वस्तीतल्या विहाराचा मी सेक्रेटरी होतो. कुणाकडे जुनी तसबीर दिसली की दारातच भाषण सुरू करायचो. पण ती नटी मलाही पाहायची होती. म्हणून, आपण नटीसाठी जातोय, देवासाठी नाही, असं मी दोघांच्या वतीने ठरवून टाकलं.

पडद्यावर ती मेलेलं लेकरू छातीशी धरून देवळाच्या पायऱ्या चढत होती. देव प्रकटला, लेकराने डोळे उघडले. टॉकीजभर हात जोडले गेले. शेजारी बसलेल्या प्लांटवरच्या माझ्या गँगमधल्या सोबत्याने मला कोपराने ढोसलं.

"सेक्रेटरीसाहेब, तिकडं पाहा. तुमची माय पार्टी बदलून राहिली!"

मायचे हात जोडलेले होते.

मध्यंतरात मी आडभिंतीपाशी गेलो.

"माय, हात कावून जोडले?"

"कोणाले?"

"कोणाले म्हंते! साऱ्यांनी पाह्यलं. दीक्षा घेतली ना आपण?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "देवाले नाही रे बाबू. त्या बाईचं लेकरू उठलं म्हून."

आम्ही भिलाईला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण झोपडीत तापाने गेली होती. त्या क्षणी मला ते आठवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवलं होतं. तरीही, मागे सोबती ऐकत होता म्हणून, मी मोठ्याने म्हणालो, "साऱ्याच बाया असं सांगतात."

माय उठली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. नटीचा मोठा नाच अजून व्हायचा होता. तो मी शेवटपर्यंत पाहिला, आणि तो मला आवडलाही. बाहेर आलो तेव्हा माय पोस्टरखाली विटांवर बसलेली होती. "झाला काय?" एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर माझ्यासोबत ती कधीच सिनेमाला आली नाही. सेक्टर ६ मध्ये क्वार्टर मिळालं, टॉकीज जवळ आली, मी किती वेळा म्हणालो. "तूच जाय," म्हणायची. माझ्यामुळे तिचा सिनेमा सुटला, हे ओझं मी वर्षानुवर्षं वागवलं.

माय गेली त्या आठवड्यात शेजारच्या काकू येऊन बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुह्या मायसंगं लय सिनेमे पाह्यले मी. तो लेकरू उठते तो तं तीनदा. तू ड्यूटीवर गेला का आम्ही निघालोच!"

"मले कधी सांगितलं नाही तिनं."

"तुले कशी सांगन? म्हणे, तो संगं असला का मन भरून रडता येत नाही."

काकू हसत होत्या. मला मात्र स्वयंपाकघर आठवत होतं. तिला सिनेमा पाहायला मिळत नाही म्हणून मी तिला तिथे बसून एकेका सिनेमाची गोष्ट सांगायचो, आणि ती भाकरी थापत विचारायची, "मंग? मंग काय झालं?"