भिंगारच्या स्टुडिओतले दोन कॅमेरे

लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हा घरात मला एक नव्हे, दोन सवती होत्या. एक जर्मन, एक जपानी. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेत नसे आणि आता घ्यायला गेले तर जीभ अडखळते, म्हणून इथेही त्यांना ‘हे’च म्हणते. ह्यांचा फोटो स्टुडिओ छावणीच्या रस्त्यावर होता. दोन्ही कॅमेरे तिथल्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळलेले असत. माझ्या शालूची कधी एवढी बडदास्त झाली नाही.

जर्मन कॅमेरा ह्यांच्या उस्तादांचा. उस्ताद दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर फोटो काढत फिरले होते. जपानी कॅमेरा छावणीतल्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना दिलेला. लढाईत भारी कोणता, यावर आल्यागेल्याशी ह्यांचा वाद ठरलेला. हे मूळचे श्रीगोंद्याकडचे, ऊस सोडून फोटोत आलेले. रंगात आले की गावाकडची बोली सुटायची.

“जर्मन म्हंजी सासू,” मला सांगायचे. “आवाज न्हाई, पर शिस्त लई कडक. रोल खालून घालायचा, त्यो बी चाचपडत. एका खिडकीतनं फोकस धरायचा, दुसरीतनं चौकट बघायची. जपानी म्हंजी सून. पाठ उघडली, रोल घातला, लागली कामाला.”

“आणि सुनेला विचारतं कोण?”

“कोरियाच्या लढाईत इचारलं की! गोऱ्या फोटोवाल्यांनी जर्मन कॅमेऱ्यावर जपानी भिंग चढवलं, अन् फोटो बघून समदे गप झाले.”

फोकसची रीत मात्र दोघांची एकच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हे समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे आणि मला कॅमेरा धरायला लावायचे. फोकस लागेपर्यंत खिडकीत मला दोन नवरे दिसायचे. भिंगाभोवतीचं कडं फिरवत त्या दोघांचा एक करायचा. तो एक झाला की मला उगाच भरून यायचं. पण हा सगळा सराव बिनरोलाचा. रोल महाग, तो घरच्यांवर घालवायचा नाही. लग्नाच्या फोटोतही फुलांच्या दाट मुंडावळ्यांनी ह्यांचं तोंड झाकलेलं. गावभर लोकांचे फोटो ह्यांनी काढले आणि ह्यांचा स्वतःचा धड एक नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई पेटली आणि पुण्याच्या एका दैनिकाने ह्यांना सरहद्दीवर पाठवायचं ठरवलं. हे जपानी घेऊन निघाले. कडाक्याच्या थंडीत, धावपळीत खालून रोल घालत बसायला सवड कुठली? जर्मन माझ्याकडे राहिला.

“निघताना तुमचा एक फोटो काढते,” मी म्हटलं.

“नको.”

का नको ते मला ठाऊक होतं. पासष्टच्या लढाईवर निघण्याआधी कितीतरी जवान स्टुडिओत फोटो काढून गेले होते. नंतर त्यातल्या काहींच्या घरची माणसं आली आणि त्याच फोटोंच्या मोठ्या कॉपी ह्यांनी करून दिल्या, हार घालायला. तेव्हापासून निघणाऱ्या माणसाचा फोटो काढताना ह्यांचा हात जड व्हायचा. पण मीही हट्टाला पेटले, रडले. शेवटी म्हणाले, “बरं. पर आदी तुजा काढतो.”

त्यांनी जर्मनवर माझा फोटो काढला. मग रोल पुढे सरकवून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी दोघांचा एक केला. हे माझ्याकडे बघून तोंडभर हसले. मी बटण दाबलं, कॅमेरा तसाच चामडी पिशवीत घातला आणि त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले.

हे परत आले नाहीत. गोळी नाही, बॉम्ब नाही; तिकडच्या रस्त्यावर जीप उलटली. जपानी कॅमेराही आला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी स्वतः तो रोल अंधाऱ्या खोलीत चाचपडत काढून धुतला. माझा फोटो आला होता, केसन् केस स्पष्ट. त्याच्या पुढची चौकट कोरी, काचेसारखी. धावत जाऊन कॅमेरा उजेडात आणला, तर भिंगावर झाकण बसलेलं. या कॅमेऱ्यांत बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे झाकण असलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. मी कपाळ बडवून घेतलं. कितीतरी महिने स्वतःला शिव्या घातल्या.

मग एकदा माझाच फोटो हातात घेऊन बसले असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा फोटो आला, म्हणजे तेव्हा झाकण काढलेलं होतं. मी ते लावलं नव्हतं. आणि समोर उभं राहून भिंगाकडे बघणाऱ्या माणसाला ते काळं झाकण दिसत होतं की! ते बघूनच हे हसत होते.

माझ्या भिंतीवर हार नाही. ह्यांना तेच हवं होतं, आणि ह्यांनी ते साधलं. मला काय हवं होतं ते मात्र विचारलं नाही. मला ते तोंड हवं होतं हो, हारासकट चाललं असतं. हसू अजून आठवतं. नाक कसं होतं, ते आता आठवत नाही.